ब्रिस्टलचा रिकामा चबुतरा

ब्रिस्टल शहराच्या मध्यभागी, स्थानिक लोक ज्याला नुसते ‘सेंटर’ म्हणतात त्या मोकळ्या जागेत, पोर्टलंडच्या पांढुरक्या दगडाचा एक उंच चबुतरा आहे. त्याच्या कोपऱ्यांवर ब्राँझचे डॉल्फिन आहेत, बाजूंना उठावाची चित्रे असलेले ब्राँझचे पत्रे आहेत आणि वर कोणीही नाही. १३ नोव्हेंबर १८९५ ते ७ जून २०२० अशी जवळपास सव्वाशे वर्षे त्यावर एडवर्ड कोल्स्टन या व्यापाऱ्याचा पुतळा होता. लांब कोट, केसांचा भरघोस टोप, एका हातात काठी आणि दुसरा हात हनुवटीला टेकवलेला, अशी ती विचारात गढलेली मूर्ती जॉन कॅसिडी या शिल्पकाराने घडवली होती. चबुतऱ्यावरील मजकुरात कोल्स्टनला या शहराच्या सर्वांत सद्गुणी आणि शहाण्या सुपुत्रांपैकी एक म्हटले आहे. गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या कारभारात त्याचा मोठा वाटा होता, याचा त्या मजकुरात उल्लेख नव्हता. पुतळा पडण्यापर्यंत जे जे झाले, त्याचे मूळ या गाळलेल्या ओळीत आहे.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून निघालेली गाडी सुमारे पावणेदोन तासांत ब्रिस्टलच्या टेंपल मीड्स स्थानकात पोहोचते. तिथून सेंटरपर्यंत रमतगमत चालत जाता येते. या वादाशी संबंधित बहुतेक जागा पायी फिरण्याच्या अंतरात आहेत, त्यामुळे मी हे शहर चालतच पाहिले. सेंटरच्या फरसबंदीखालून फ्रोम नदी वाहते. एकेकाळी जहाजे या जागेपर्यंत येत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नदीचा हा भाग झाकायला सुरुवात झाली आणि बंदराच्या जागी चौक आला. चबुतऱ्यापासून जवळच एडमंड बर्क यांचा पुतळा आहे. बर्क १७७४ ते १७८० या काळात ब्रिस्टलचे खासदार होते. सालबाईच्या तहामुळे मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर त्यांनी पुढे महाभियोग चालवला. बर्क यांचा पुतळा १८९४चा, कोल्स्टनचा त्यानंतर एका वर्षाचा. बर्क यांच्या पुतळ्यावर कोणाचा राग नाही.

ब्रिस्टलची श्रीमंती समुद्रातून आली. आफ्रिकेशी व्यापार करण्याचा मक्ता लंडनच्या रॉयल आफ्रिकन कंपनीकडे होता. तो १६९८ मध्ये मोडला आणि ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली. तेव्हापासून १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद करेपर्यंत ब्रिस्टलहून दोन हजारांहून अधिक सफरी निघाल्या आणि पाच लाखांच्या आसपास आफ्रिकी माणसे अटलांटिकपार नेऊन विकली गेली. जहाजे इथून पितळी भांडी, कापड, बंदुका घेऊन पश्चिम आफ्रिकेला जात, तिथून माणसे भरून वेस्ट इंडीजला आणि तिथून साखर, रम, तंबाखू घेऊन घरी परतत. साखरेचे कारखाने, तंबाखूच्या वखारी, उंच खिडक्यांची देखणी घरे या फेऱ्यांवर उभी राहिली. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांपैकी फारच थोडी कधी ब्रिस्टलमध्ये उतरली. त्यामुळे शहराला पैसा दिसत राहिला आणि माणसे दिसली नाहीत.

कोल्स्टन १६३६ मध्ये ब्रिस्टलमध्ये जन्मला, पण त्याचे बहुतेक आयुष्य लंडन परिसरात गेले आणि तिथेच १७२१ मध्ये तो वारला. १६८० मध्ये तो रॉयल आफ्रिकन कंपनीचा सभासद झाला आणि १६८९-९० मध्ये उपगव्हर्नरच्या पदापर्यंत चढला. तो कंपनीत असताना तिने सुमारे ८४ हजार माणसांना गुलाम म्हणून नेले आणि त्यांतली १९ हजारांच्या आसपास माणसे वाटेतच मेली, असा अंदाज दिला जातो. नेलेल्यांत बारा हजारांच्या आसपास मुले होती. मिळवलेल्या संपत्तीतून कोल्स्टनने ब्रिस्टलला वृद्धांसाठी आश्रयगृह दिले, मुलांची शाळा काढली, चर्चना देणग्या दिल्या. त्याच्या मदतीला अटी असत. इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांची माणसे त्याला लाभार्थी म्हणून नको असत. दान खरे होते आणि ते ज्या पैशातून आले तेही खरे होते. वाद पैशाच्या उगमाचा होता, दानाबद्दल कोणाचे दुमत नव्हते.

तो मेल्यावर १७४ वर्षांनी त्याचा पुतळा उभारला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १८९० चे दशक ब्रिस्टलमध्ये संपांचे होते. गोदी कामगार रस्त्यावर आले होते, १८९२ मध्ये पोलीस आणि घोडदळाने त्यांच्या मोर्चावर लाठी चालवली होती. अशा काळात दानशूर धनिकाचा आदर्श शहरापुढे ठेवावा, असे शहरातील प्रतिष्ठितांना वाटले. जेम्स ॲरोस्मिथ या मुद्रकाने पुढाकार घेतला. वर्गणीची आवाहने पुन्हा पुन्हा करूनही पुरेसे पैसे जमले नाहीत. लोकांनी उत्स्फूर्तपणे उभारलेले हे स्मारक नव्हते. एका पिढीतल्या वजनदार मंडळींनी पुढच्या पिढ्यांसाठी केलेली ती निवड होती. ‘इतिहास पुसू नका’ असे पुतळ्याच्या बचावात सांगितले जाते, तेव्हा ही निवडही इतिहासच आहे हे बहुधा विसरले जाते.

कोल्स्टनचे नाव शहरभर पसरलेले होते. सभागृह, रस्ता, शाळा, उंच इमारत, चर्चमधली रंगीत काचेची खिडकी, एवढेच काय, एक गोड पावसुद्धा त्याच्या नावाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीजमधून आलेली कुटुंबे सेंट पॉल्स भागात स्थायिक झाली. ही माणसे ज्यांच्या वंशातली होती त्यांना विकणाऱ्याच्या नावाचा रस्ता ओलांडून त्यांना कामावर जावे लागे आणि त्याच्या नावाच्या सभागृहात गाणे ऐकायला जावे लागे. ब्रिस्टलचाच ‘मॅसिव्ह अटॅक’ हा गाजलेला वाद्यवृंद या सभागृहात कार्यक्रम करायला नकार देत राहिला.

पुतळ्याविरुद्धचा आवाज अचानक उठला नाही. १९९८ मध्ये चबुतऱ्यावर रंगाने मजकूर लिहिला गेला. पुढे अर्ज झाले, सह्यांची निवेदने झाली, वर्तमानपत्रांत पत्रे आली. २०१८ मध्ये कोणीतरी लाल लोकरीने विणलेली बेडी पुतळ्याच्या पायात अडकवली. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला, गुलामीविरोधी दिनी, चबुतऱ्यासमोर सुमारे शंभर छोट्या मानवी आकृती जहाजाच्या आकारात आडव्या मांडल्या गेल्या. जहाजाच्या कडेने आजच्या वेठबिगारीची कामे लिहिली होती: फळे तोडणारे, गाड्या धुणारे, स्वयंपाकघरात राबणारे, नेलबारमध्ये काम करणारे. त्या मांडणीने एकाही दगडाला धक्का लावला नाही आणि म्हणायचे ते सगळे म्हटले. शहरात या विषयावर झालेल्या निदर्शनांपैकी हे मला सर्वांत प्रभावी वाटते.

महापालिकेने मधला मार्ग म्हणून दुसरा फलक लावायचे ठरवले. पुतळा राहील आणि त्याखाली गुलामांच्या व्यापाराची नोंद असेल, अशी ती योजना. मजकुराचा पहिला मसुदा २०१८ मध्ये झाला आणि तिथून ओढाताण सुरू झाली. मुलांचा आकडा घालायचा की गाळायचा, ‘गुलामांचा व्यापारी’ म्हणायचे की सौम्य शब्द वापरायचे, दानधर्माला किती ओळी द्यायच्या. ब्रिस्टलच्या जुन्या व्यापारी संस्थेने, म्हणजे सोसायटी ऑफ मर्चंट व्हेंचरर्सने, यात रस घेतला आणि मजकूर मवाळ होत गेला. फलक ओतूनही झाला. पण बदललेला मजकूर महापौर मार्विन रीस यांना मान्य झाला नाही आणि २०१९ मध्ये सगळे थांबले. फलक लागलाच नाही. पुतळा पडण्याचे कारण शोधायचे तर ते या फसलेल्या फलकात अधिक सापडते. चार वाक्यांचा खरा मजकूर वेळेवर लागला असता, तर ७ जूनला काय झाले असते हे सांगता येत नाही. पण सनदशीर मार्गाने काही होत नाही, अशी लोकांची खात्री झाली होती आणि ती खात्री महापालिकेच्या टेबलावर तयार झाली होती.

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि जगभर मोर्चे निघाले. ब्रिस्टलचा मोर्चा ७ जूनला, रविवारी निघाला. सुमारे दहा हजार माणसे त्यात होती आणि बहुतांश शांततेने चालत होती. सेंटरवर काहींनी पुतळ्याच्या गळ्यात दोर अडकवले आणि ओढून तो खाली पाडला. पडलेल्या पुतळ्यावर लाल आणि निळा रंग ओतला गेला, काहींनी त्याच्या मानेवर गुडघा टेकवला, काही त्यावर नाचले. मग गडगडत तो बंदराच्या धक्क्यापर्यंत नेऊन पाण्यात ढकलला. पोलिसांनी मध्ये पडायचे टाळले. अडवले असते तर दंगल झाली असती, असा त्यांचा अंदाज होता.

चबुतऱ्यापासून धक्क्यापर्यंतचे अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आहे. या वाटेने चालताना दोन्ही बाजूंना उपाहारगृहे लागतात, टेबले बाहेर मांडलेली असतात. पुढे पाण्यावर पादचाऱ्यांचा पूल दिसतो. त्याच्या मधोमध शिंगांच्या आकाराचे दोन प्रचंड कर्णे आहेत. पुलाचा मधला भाग बोटींसाठी वर उचलता यावा म्हणून तोलाचे वजन त्यांत बसवले आहे. या पुलाचे नाव पेरोचा पूल. पेरो जोन्स हा वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस बेटावरचा गुलाम. जॉन पिनी या मळेवाल्याने १७६५ मध्ये त्याला बारा वर्षांचा असताना दोन बहिणींसह विकत घेतले आणि पुढे नोकर म्हणून ब्रिस्टलला आणले. १७९८ मध्ये तो वारला. १९९९ मध्ये बांधलेल्या पुलाला शहराने त्याचे नाव दिले. कोल्स्टनचा पुतळा पाण्यात गेला तो या पुलाच्या बाजूलाच.

पिनीचे घर थोड्याच अंतरावर ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर आहे आणि आता तिथे जॉर्जियन हाऊस हे संग्रहालय आहे. तळघरात थंड पाण्यात डुंबण्यासाठी बांधलेला हौद आहे, वरच्या मजल्यांवर चिनी मातीची भांडी, पुस्तके, लिहिण्याचे टेबल. घरात पेरोची माहिती ठळकपणे मांडलेली आहे. सुंदर वस्तूंच्या मध्ये ती वाचताना त्या वस्तूंची किंमत कोणी चुकवली हे सांगणारा एवढा एकच आवाज घरात आहे, हे जाणवते.

पुतळा पडला तेव्हा भावना दोन्ही बाजूंनी दुखावल्या होत्या. गृहमंत्री प्रीती पटेल यांनी कृत्याचा कडक शब्दांत निषेध केला. अनेक सामान्य ब्रिस्टलकरांनाही झुंडीने शहराच्या वतीने निर्णय घेतला याचा संताप होता, आणि त्यांतल्या सगळ्यांना कोल्स्टनचे कौतुक होते असे मुळीच नाही. वडिलांकडून जमैकन वंशाचे असलेले महापौर रीस यांची भूमिका सर्वांत अवघड आणि सर्वांत प्रामाणिक होती. मालमत्तेची मोडतोड आपण मान्य करू शकत नाही, पण हा पुतळा आपल्यासारख्यांचा अपमान होता, हे दोन्ही त्यांनी एकाच वेळी सांगितले. ११ जूनला पहाटे महापालिकेने पुतळा पाण्यातून बाहेर काढला आणि सुरक्षित ठिकाणी नेला.

रिकाम्या चबुतऱ्यावर १५ जुलैच्या पहाटे एक नवा पुतळा दिसला. मोर्चाच्या दिवशी त्या चबुतऱ्यावर चढून मूठ उंचावलेल्या एका आंदोलक स्त्रीची ती काळ्या रेझिनची प्रतिमा होती. मार्क क्विन या प्रसिद्ध शिल्पकाराने कोणाची परवानगी न घेता ती बसवली. दुसऱ्या दिवशी महापालिकेने ती उतरवली. चबुतऱ्यावर काय असावे हे लोकांनी ठरवायचे, असे पालिकेचे म्हणणे होते आणि ते बरोबरच होते. १८९५ मध्ये जे झाले तेच, हेतू चांगला असला तरी, पुन्हा करून चालणार नव्हते.

पुतळ्याच्या बाजूने झालेल्या निषेधाची सर्वांत वाईट घटना शहराच्या हेनबरी या उपनगरातली. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या आवारात स्किपियो आफ्रिकानस नावाच्या मुलाची कबर आहे. सफोकच्या अर्लच्या घरी तो नोकर होता, २१ डिसेंबर १७२० रोजी वारला, तेव्हा वय अवघे अठरा. इंग्लंडमध्ये आफ्रिकी गुलामाची त्या काळातली नाव कोरलेली कबर फार क्वचित आढळते. डोक्याशी आणि पायाशी दोन शिळा आहेत, त्यांवर रंगवलेले काळ्या चेहऱ्याचे देवदूत आहेत. पुतळा पडल्यानंतर जूनच्या मध्यावर कोणीतरी यातली एक शिळा फोडली आणि जवळच्या फरशीवर खडूने धमकी लिहिली की कोल्स्टनचा पुतळा परत बसवा, नाहीतर परिस्थिती पेटेल. लोकांनी वर्गणी काढून शिळा दुरुस्त करून घेतली. बसने हेनबरीला जाऊन ही कबर पाहणे मला आवश्यक वाटले. चर्चचे आवार लहान आणि नेटके आहे. शिळेवरील रंग उजळलेले आहेत आणि जोडाची रेघ शोधली तर सापडते. पुतळा पाडणे आणि कबर फोडणे यांना एका पारड्यात घालणारे युक्तिवाद तेव्हा झाले. दोन्ही कायद्याच्या दृष्टीने नासधूसच आहेत. पण पुतळा हा सत्ताधाऱ्यांनी मांडलेला गौरव असतो, त्याला विरोध करता येतो. कबर कोणाचाही गौरव मागत नाही. स्वतःचे नावसुद्धा मालकाकडून मिळालेल्या मुलाच्या कबरीवर हातोडा चालवण्यात कुठलाही मुद्दा नव्हता, नुसता द्वेष होता.

पुतळा पाडल्याबद्दल चौघांवर खटला भरला गेला. ब्रिस्टलच्या क्राउन कोर्टात तो चालला आणि ५ जानेवारी २०२२ रोजी ज्यूरीने बहुमताने त्यांना निर्दोष ठरवले. पुतळा खाली ओढण्यात त्यांचा हात होता हे कोणी नाकारले नव्हते. हा पुतळा उभा असणे हेच गैर होते आणि त्याविरुद्धची कृती समर्थनीय होती, असा बचाव होता. गुलामीच्या इतिहासावर काम करणारे इतिहासकार डेव्हिड ओलुसोगा यांची साक्ष झाली. निकालावर देशभर चर्चा झाली. सरकारने कायद्याच्या मुद्द्याचा उलगडा व्हावा म्हणून अपील न्यायालयाकडे प्रश्न पाठवला. मोठ्या प्रमाणावरील, हिंसक मोडतोडीला निषेधाच्या हक्काचे संरक्षण मिळू शकत नाही, असे त्या न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले. चौघांची सुटका मात्र कायम राहिली. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने स्मारकाची नासधूस केल्यास, नुकसान कितीही कमी असले तरी, दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली.

पुतळा आज एम शेड या शहराच्या संग्रहालयात आहे. गोदीवरच्या जुन्या मालगोदामात हे संग्रहालय २०११ मध्ये उघडले. बाहेर धक्क्यावर चार मोठ्या याऱ्या अजून उभ्या आहेत. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. जून २०२१ मध्ये पुतळा इथे पहिल्यांदा मांडला, तेव्हा पुतळ्याच्या समर्थकांनी इतर कोणी येऊ नये म्हणून वेळेची तिकिटे मोठ्या संख्येने आरक्षित करून टाकली. तरीही लोक आले आणि मते नोंदवली. सुमारे चौदा हजार जणांनी उत्तरे दिली. त्यांतील ब्रिस्टलच्या रहिवाशांपैकी पाचांतल्या चौघांना पुतळा संग्रहालयात ठेवावा असे वाटत होते. त्या आधारे इतिहासकारांच्या समितीने शिफारस केली आणि मार्च २०२४ पासून निषेधाच्या इतिहासाला वाहिलेल्या दालनात पुतळा कायमचा ठेवला गेला.

तो उभा केलेला नाही. पाडल्यानंतर जसा पडला तसा आडवा ठेवलेला आहे. जवळ गेल्यावर पहिल्यांदा रंग दिसतो. चेहऱ्यावर आणि हातांवर लाल, कोटावर लाल-निळे फवारे आणि अक्षरे. ब्राँझवर ओरखडे आहेत, कोटाचा मागचा भाग फाटला आहे, हातातली काठी नाही. चबुतऱ्यावर उंचावरून दिसणारी मूर्ती इथे माणसाच्या कमरेच्या पातळीवर येते, त्यामुळे टोपातल्या बटांपासून बुटाच्या बकलापर्यंत सगळे बारकाईने पाहता येते. कॅसिडीचे काम उत्तम आहे, ही गोष्ट पुतळा आडवा झाल्यावरच नीट कळते.

संग्रहालयातल्या जतन-तज्ज्ञांनी पुतळा धुतला तेव्हा बंदराचा गाळ काढला, पण रंग ठेवला. तो सुटून पडू नये म्हणून त्यावर काळजीपूर्वक प्रक्रिया केली. पाण्यातून वर येताना पुतळ्याबरोबर सायकलचा एक टायर आला होता, तोही त्यांनी जपून ठेवला. गाळ काढताना कोटाच्या पोकळीत गुंडाळलेला कागद सापडला. उलगडला तेव्हा तो ‘टिट-बिट्स’ या लोकप्रिय साप्ताहिकाचा २६ ऑक्टोबर १८९५ चा अंक निघाला. पुतळा बसवणाऱ्या कामगारांनी त्यावर आपली नावे लिहून तो आत ठेवला होता. मोर्चात वापरलेले पुठ्ठ्याचे फलकही संग्रहालयाने गोळा केले आहेत. दालनात तास-दीड तास सहज जातो. वर्गातली मुले शिक्षकांबरोबर येतात, पुतळ्याभोवती उभी राहतात आणि प्रश्न विचारतात. चबुतऱ्यावरचा कोल्स्टन सव्वाशे वर्षांत कोणाला एवढे विचार करायला लावू शकला नव्हता.

एम शेडहून कॉलेज ग्रीन या हिरवळीकडे गेले की कॅथेड्रलच्या परिसरात राजा राममोहन रॉय यांचा पुतळा भेटतो. राममोहन २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलजवळ स्टेपलटनला वारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश साम्राज्यातील गुलामी संपवण्याचा कायदा मंजूर झाला होता. त्यात नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड ठरले, ते गुलामांच्या मालकांना मिळाले, गुलामांना काही नाही. राममोहन यांची समाधी आर्नोस व्हेल या स्मशानभूमीत आहे. द्वारकानाथ टागोरांनी बांधवून घेतलेली भारतीय धाटणीची ती छत्री इंग्रजी झाडीत लांबूनच ओळखू येते. कॉलेज ग्रीनवरच १८८८ मध्ये बसवलेला राणी व्हिक्टोरियाचा पुतळा आहे. तो जोसेफ एडगर बोहम यांचा. मुंबईच्या काळ्या घोड्याचे शिल्पकार हेच.

काळा घोडा म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा राजा सातवा एडवर्ड, याचा अश्वारूढ पुतळा. सर अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला आणि १८७९ मध्ये त्याचे अनावरण झाले. १९६५ मध्ये परकी सत्तेच्या पुतळ्यांविरुद्धच्या रोषानंतर तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला. २०१७ मध्ये मूळ जागेजवळ एक नवा काळा घोडा आला, त्यावर स्वार नाही. नाव राहिले, स्वार उतरला आणि त्यावर फारसे भांडण झाले नाही.

राणी व्हिक्टोरियाच्या मुंबईतील पुतळ्याची गोष्ट मात्र ब्रिस्टलच्या फार जवळची आहे. मॅथ्यू नोबल यांनी संगमरवरात घडवलेला हा पुतळा बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांच्या देणगीतून फोर्ट भागात १८७२ मध्ये बसवला गेला. कोल्स्टनचा पुतळा उभा राहिल्यावर वर्षभरात, १८९६ मध्ये, दामोदर हरी चापेकर यांनी रात्री या पुतळ्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. राज्यकर्त्यांच्या आणि त्यांच्या एतद्देशीय चाहत्यांच्या भावना दुखावतील याची पुरेपूर जाणीव ठेवून केलेले ते कृत्य होते. पुढच्या वर्षी चापेकर बंधूंनी पुण्यात इंग्रज अधिकारी रँडचा वध केला आणि दामोदर १८९८ मध्ये फासावर गेले. संगमरवरात मुरलेले डांबर काही केल्या निघेना. शेवटी रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी ते काढून दाखवले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे बडोद्याच्या अलेंबिक कंपनीच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता.

मुंबईत तेव्हा निषेधाचा डाग काढणे हे विज्ञानाचे यश मानले गेले. ब्रिस्टलमध्ये सव्वाशे वर्षांनी निषेधाचा डाग टिकवणे हे विज्ञानाचे काम ठरले. पहिल्या वेळी सत्ता परकी होती, दुसऱ्या वेळी लोकांनी निवडलेली, हा फरक या दोन निर्णयांच्या मुळाशी आहे. गज्जरांचे कौशल्य थोर होते आणि कोणी त्याला नावे ठेवू नयेत. पण चापेकरांचा निषेध त्या दगडावरून नाहीसा झाला आणि तो आता फक्त पुस्तकांत उरला.

राणीचा तो पुतळाही आज भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. कॉर्नवॉलिस, वेलस्ली आणि इतर मूर्ती आसपास आहेत, त्यांतल्या काही भग्न झालेल्या. या मूर्ती फोडून टाकल्या नाहीत, हे मुंबईने चांगले केले. मात्र नुसत्या हलवून ठेवणे म्हणजे अर्धेच काम. एम शेडच्या दालनात पुतळा कोणी उभारला, कोणी विरोध केला, कोणी पाडला आणि कोण दुखावले, हे सगळे एका जागी वाचायला मिळते. मुंबईच्या राणीजवळही खंडेराव गायकवाड, दामोदर चापेकर आणि प्राध्यापक गज्जर ही तिन्ही नावे एकाच फलकावर मराठीत आणि मोठ्या अक्षरांत असायला हवीत. राणीची बाग पाहायला मुलांना नेणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी वाघ-पेंग्विन झाल्यावर अर्धा तास या आवारात काढावा आणि ही गोष्ट मुलांना स्वतः सांगावी.